जाळायचं कशाला, तापवलं तरी पुरतं

आधीच सांगून टाकते, मी राहते जर्मनीत, श्टुटगार्टला, आणि इथे १ एप्रिल २०२४ पासून अठरा वर्षांपुढच्या माणसाला २५ ग्रॅमपर्यंत गांजा जवळ बाळगता येतो, घरात ५० ग्रॅम ठेवता येतो आणि तीन झाडं लावता येतात. दुकानं नाहीत हां, ॲमस्टरडॅमसारखं इथे काही नाही. एकतर स्वतः लावा, नाहीतर मेंबरांसाठी गांजा लावणाऱ्या क्लबचे मेंबर व्हा (ते क्लब १ जुलै २०२४ पासून सुरू झाले), किंवा डॉक्टरचं प्रिस्क्रिप्शन असेल तर फार्मसीतून घ्या. तर खालचं सगळं या चौकटीतलं आहे. पुण्यात बसून कोणी वाचत असेल तर नुसतं वाचा, तिथल्या कायद्याचं शेवटी बोलूच.

मी व्यवसायाने थर्मल इंजिनिअर, गाड्यांच्या हीटिंग-कूलिंगवर काम करते, म्हणजे दिवसभर सेन्सर, हवा आणि तापमान. त्यामुळे ओळखीतलं कोणी "मी आता ओढत नाही गं, लो टेम्पला व्हेप करते" असं म्हणालं (म्हणजे गांजा न जाळता, व्हेपोरायझर नावाच्या मशीनमध्ये कमी तापमानाला तापवून नुसती वाफ घेते) की माझे कान आपोआप टवकारतात. लो म्हणजे किती? मोजलं कुठे? हीटरवर की पानावर? मग समोरचा कंटाळतो. ते सगळं इथे एकदाच लिहून टाकते म्हणजे पार्टीत मला लोक टाळणार नाहीत.

मुळात गांजा जाळायची गरजच नसते. फुलावर त्या बारीक चिकट दाण्यांसारख्या ग्रंथी असतात ना, त्यात जे असतं ते टीएचसी, म्हणजे ज्याने चढतं तो पदार्थ, नाहीच, ते टीएचसीए, त्याने काही चढत नाही. ते तापलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड सुटून जातो आणि टीएचसी उरतं, आणि अजून तापलं की ते वाफ होऊन हवेत येतं. हे सगळं साधारण २०० डिग्री सेल्सियसच्या आत-बाहेर होऊन जातं. आणि आपण काय करतो, तर काडी लावतो, जिथे दम मारताना निखारा ६०० च्या वर जातो, कधी ९०० च्या आसपास. म्हणजे जे काम २०० ला होतं त्यासाठी चौपट तापमान, आणि वर त्यात थोडं टीएचसी चक्क जळून वाया जातं. इंजिनिअर म्हणून मला हे बघवत नाही.

आणि जळलं की धूर येतो, धुरात टार, कार्बन मोनॉक्साइड, ते पीएएच नावाचे कॅन्सरवाले पदार्थ, सगळं आलं. यात गांजाचा काही खास दोष नाही, तुळशीची वाळलेली पानं गुंडाळून ओढली तरी टार येणारच, कोणतंही पान जाळलं की हेच. "नॅचरल आहे" म्हणणाऱ्यांना हे समजावून समजावून मी थकले. धूर नॅचरलच असतो, चुलीचाही नॅचरल होता आणि आमच्या आजीचा खोकला त्याच्यामुळेच होता.

पण माझ्या मते व्हेपोरायझरचा सगळ्यात मोठा फायदा तापमानाचा नाहीच आहे, तो तंबाखूचा आहे. युरोपात जॉइंट म्हणजे बहुतेक वेळा तंबाखूत मिसळलेला गांजा. कॅनडा-अमेरिकेत लोक नुसता भरतात, इथे नाही. आणि आपल्याकडेही काय, सिगरेट पोकळ करायची, थोडी तंबाखू तळहातावर ठेवायची, माल मिसळायचा आणि परत भरायचा, हॉस्टेलवर राहिलेल्या प्रत्येकाने हे बघितलेलं आहे (केलेलं आहे असं मी म्हणत नाहीये). चिलमीतही तंबाखू असतेच. तर होतं काय की माणूस म्हणतो मला गांजाची तलफ आली, आणि खरी तलफ असते निकोटिनची. वीकेंडला एकदा ओढणारा हळूहळू रोज संध्याकाळी बाल्कनीत दिसायला लागतो आणि त्याला स्वतःला कळत नाही की नक्की कोणत्या झाडाने त्याला धरलंय. ड्राय हर्ब (वाळलेल्या फुलाच्या) व्हेपोरायझरमध्ये तंबाखू घालायचा प्रश्न येत नाही, घातली तर घाणेरडी चव येते. इथल्या माझ्या ओळखीतल्या दोघांची तंबाखू अशीच सुटली, आणि मग त्यांचं गांजाचं प्रमाणही आपोआप खाली आलं. दोन माणसं म्हणजे काही स्टडी नाही, पण मला त्यात आश्चर्य वाटलं नाही.

आता चार्ट. इंटरनेटवर तो रंगीबेरंगी चार्ट तुम्ही पाहिला असेल, १५७ ला टीएचसी, १६७ ला मिरसीन, १७६ ला लिमोनीन (हे दोन्ही फुलातले सुगंधी पदार्थ), आणि त्यावरून लोकांचं तत्त्वज्ञान की १५७ ला ठेवलं की "प्युअर" टीएचसी मिळतं, अमुक डिग्रीला क्रिएटिव्ह वाटतं, तमुक डिग्रीला झोप येते. अहो, तो १५७ चा आकडा प्रयोगशाळेत जवळजवळ निर्वात करून मोजलेला आहे! दाब कमी केला की उकळबिंदू खाली येतो, हे आपण आठवी-नववीत शिकलोय, महाबळेश्वरला वरण शिजायला वेळ लागतो वगैरे. साध्या हवेच्या दाबाला टीएचसीचा उकळबिंदू १५७ च्या कितीतरी वर आहे. कॅरिओफिलीन नावाच्या सुगंधी पदार्थाचंही तेच, चार्टवर कुठे ११९ लिहितात कुठे १३०, आणि खरा उकळबिंदू साध्या दाबाला २५० च्या पुढे. म्हणजे त्या एका चार्टमध्ये काही आकडे नेहमीच्या दाबाचे आणि काही निर्वातातले, एकाच रांगेत, आणि त्यावर लोक गॅजेटं सेट करतायत.

मग १८० ला टीएचसी येतं कसं? कारण वाफ व्हायला उकळावं लागत नाही. दोरीवरचे ओले कपडे १०० डिग्री न होताच वाळतात ना, तसंच. गरम हवा पानावरून जात राहते आणि थोडं थोडं घेऊन जाते, तापमान जास्त तर वेग जास्त. त्यामुळे अमुक डिग्रीला अमुक पदार्थ सुरू आणि तमुक बंद असं बटण नसतं, सगळंच थोडं थोडं येत असतं, फक्त हलके सुगंधी पदार्थ आधी आणि जास्त, जड पदार्थ नंतर आणि सावकाश. एवढं समजलं की चार्टची गरज संपते.

आणि दुसरी गोष्ट म्हणजे डिस्प्लेवर जे १८५ दिसतं ते पानाचं तापमान नाही. सेन्सर बसवलेला असतो हीटरजवळ. तुम्ही जोरात ओढलं की थंड हवा आत येते आणि पान गार पडतं, हळू ओढलं की तापतं. बारीक दळलेलं आणि जाडसर दळलेलं यात फरक, ठासून भरलं तर मधलं कच्चंच राहतं आणि भिंतीला लागलेलं करपतं. ज्या मशीनमध्ये चेंबरची (पान भरायच्या कप्प्याची) भिंतच तापते त्यात हा करपायचा प्रकार जास्त, ज्यात गरम हवा आतून फिरते त्यात कमी, चांगल्या मशीनमध्ये दोन्ही असतं. त्यामुळे तुमच्या मित्राचं १८५ आणि तुमचं १८५ एकच नसतं, "मी १८२ च वापरतो" म्हणणाऱ्यांकडे मी आता फक्त हसून बघते.

माझी पद्धत साधी आहे. १७० च्या आसपास सुरुवात. या तापमानाला वाफ जवळपास दिसतच नाही, नवीन माणसाला वाटतं मशीन बिघडलंय, पण चव इथेच असते. आणि चव म्हणजे काय तर आपला मसाल्याचा डबा. धण्यात लिनालूल असतं, लिंबाच्या सालीत लिमोनीन, मिरी आणि लवंगेत कॅरिओफिलीन, आंब्यातही मिरसीन असतं, आणि हेच सगळे पदार्थ या फुलातही वेगवेगळ्या प्रमाणात. काडी लावली की हे सगळं एका झटक्यात जातं आणि सगळ्या जातींची चव एकच, जळक्या गवताची. पहिल्यांदा कमी तापमानाला घेतलं तेव्हा मला खरंच ओले धणे आणि संत्र्याची साल असा काहीतरी वास आला होता. नवऱ्याला दिलं तर तो म्हणाला मोजे. त्याला कशातच इंटरेस्ट नाही, तो बिअरवाला माणूस.

मग हळूहळू १८५-१९०. इथे वाफ दिसायला लागते, परिणामही नीट जाणवतो, आणि माझं बहुतेक वेळा इथेच संपतं. २०० च्या वर गेलं की वाफ दाट होते, घसा खवखवतो, चव भाजलेल्या पॉपकॉर्नकडे जाते, झोप येते. ती झोप तापमानाची जादू नाही, जास्त माल आत गेला एवढंच. २३० च्या पुढे पान काळं पडायला लागतं, तिथे मग धुरापासून लांब राहायचा मुद्दाच निघून जातो. रंग बघून कळतं सगळं, हिरवं फिकट तपकिरी झालं म्हणजे मधला टप्पा, कॉफी पावडरसारखं झालं म्हणजे संपलं, काळं झालं म्हणजे तुम्ही जाळलंत. ओढताना सावकाश, लांब, चहाचा वास घेतल्यासारखं. आणि छातीत दम कोंडून ठेवायचा जो प्रकार असतो ना, त्याने काही जास्त चढत नाही, चक्कर येते ती ऑक्सिजन कमी पडल्याची.

इथे थोडं स्थानिक अभिमानाचं. या सगळ्या प्रकारातलं जगप्रसिद्ध मशीन, व्होल्केनो, ते आमच्याच राज्यातलं आहे. श्टुटगार्टच्या दक्षिणेला डॅन्यूबच्या काठी टुटलिंगेन नावाचं गाव आहे, ते सर्जरीच्या हत्यारांसाठी प्रसिद्ध, जगभरच्या ऑपरेशन थिएटरमध्ये तिथल्या कात्र्या आणि चिमटे असतात. तिथे श्टोर्झ आणि बिकेल या दोघांची कंपनी २००० सालापासून व्होल्केनो बनवते, एक स्टीलचा शंकू, खाली हीटर आणि पंप, वर प्लॅस्टिकचा फुगा, फुग्यात वाफ भरायची आणि मग ओढायची. पुढे त्याचं मेडिकल डिव्हाइस म्हणून मान्यता मिळालेलं मॉडेलही आलं. २०१८ मध्ये ती कंपनी कॅनडाच्या कॅनोपी ग्रोथ या गांजा कंपनीने विकत घेतली, ज्यांचं मुख्यालय एका बंद पडलेल्या चॉकलेट फॅक्टरीत होतं. मला ही पूर्ण साखळी फार आवडते, सर्जरीच्या हत्यारांचं गाव ते चॉकलेट फॅक्टरी.

हे मशीन संशोधकांनीही वापरलं, कारण त्यात तापमान आणि डोस धरून ठेवता येतो. २००७ साली सॅन फ्रान्सिस्कोत डोनाल्ड अब्रॅम्स यांच्या टीमने १८ लोकांवर प्रयोग केला, त्याच लोकांना एक दिवस धूर आणि एक दिवस वाफ. रक्तातलं टीएचसी साधारण सारखंच निघालं, पण श्वासातला कार्बन मोनॉक्साइड वाफेच्या वेळी जवळजवळ वाढलाच नाही. आणि बहुतेकांना वाफच आवडली. एक मात्र लक्षात घ्या, त्या प्रयोगातला सगळ्यात जोरदार माल ६.८ टक्के टीएचसीचा होता. आज इथल्या फार्मसीत २० टक्के, २५ टक्के सर्रास मिळतो. म्हणजे त्या काळचे चार दम आणि आजचे चार दम याचा संबंध नाही.

"लो टेम्प म्हणजे सौम्य" हा समज मला सगळ्यात धोक्याचा वाटतो. धूर नाही, खोकला नाही, घसा जळत नाही, म्हणून माणूस घेतच राहतो, शरीराचा जो ब्रेक होता तोच काढून टाकला ना. २०१८ मध्ये जॉन्स हॉपकिन्समध्ये १७ लोकांवर, जे नेहमी घेणारे नव्हते अशांवर, प्रयोग झाला, तेवढंच टीएचसी एकदा ओढून आणि एकदा वाफेतून. वाफेतून घेतलेलं जास्त चढलं. २५ मिलिग्रॅमला काहींना उलट्या झाल्या, एकाला भास झाले. २५ मिलिग्रॅम म्हणजे किती, तर २५ टक्क्यांच्या मालाचा दहावा भाग ग्रॅम, चिमूटभर. पूर्ण चेंबर भरून बसणाऱ्यांनी हे गणित करावं. मी चेंबर अर्ध्यापेक्षा कमी भरते, दोन-तीन दम घेते, मशीन बंद करून दहा-पंधरा मिनिटं बसते, मग ठरवते. आणि ज्यांच्या घरात सायकोसिसचा (भास-भ्रम होणाऱ्या मानसिक आजाराचा) इतिहास आहे, किंवा हृदयाचा त्रास आहे, किंवा वय विशी-बावीशीचं आहे, त्यांचं तापमान किती का असेना, फुप्फुस वाचेल, पण डोक्याचा आणि हृदयाचा धोका त्याने कमी होत नाही. टीएचसी ते टीएचसीच.

बरं, व्हेप म्हटलं की भारतातल्या लोकांच्या डोळ्यासमोर ते पेनसारखं गोड वासाचं ई-सिगरेट येतं. मी बोलतेय ते वेगळं, यात नुसतं वाळलेलं फूल असतं, लिक्विड नाही, तेल नाही, आंब्याचा फ्लेवर नाही. हा फरक का महत्त्वाचा, तर २०१९ मध्ये अमेरिकेत व्हेप करणाऱ्यांची फुप्फुसं अचानक निकामी व्हायला लागली, फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ लोक हॉस्पिटलात किंवा मृत, त्यातले मेलेले ६८. कारण निघालं बहुतेक काळ्या बाजारातल्या टीएचसी तेलाच्या कार्ट्रिजमध्ये घट्टपणासाठी घातलेलं व्हिटॅमिन ई ॲसिटेट. फुलात कोणी ते घालत नाही. तरी कोणी तुम्हाला सुंदर पॅकिंगचं, कुठून आलंय माहीत नसलेलं कार्ट्रिज दिलं तर नको म्हणा, त्यापेक्षा जॉइंट बरा असं मी, धुराची एवढी शत्रू असूनही, म्हणेन.

शेजाऱ्यांचं काय? वास येतो. कमी येतो, पडद्यात मुरत नाही, खिडकी उघडली की जातो, पण येतो, ज्याला ओळखीचा आहे त्याला लगेच कळतो. आमच्या बिल्डिंगमध्ये जिना झाडायची पाळी चुकली तर खालच्या आजी दार वाजवतात, पण वाफेबद्दल आजवर कोणी काही बोललं नाही, बाल्कनीतल्या बार्बेक्यूबद्दल मात्र पत्र आलं. आणि तसंही या शहरात नेकारटोअरचा चौक आहे, जिथली हवा मोजणारं यंत्र जर्मनीभर बदनाम होतं, इतकं प्रदूषण. बाहेर मात्र नियम कडक आहेत, अठराच्या आतल्यांसमोर नाही, शाळा-खेळाचं मैदान नजरेच्या टप्प्यात असेल तर नाही, क्योनिगश्ट्राससारख्या फक्त चालणाऱ्यांसाठीच्या बाजाररस्त्यावर सकाळी ७ ते रात्री ८ नाही, आणि "मी ओढत नाही, वाफ घेतेय" हे चालत नाही, कायद्याला दोन्ही एकच. गाडीचंही तसंच, ऑगस्ट २०२४ पासून रक्ताच्या सीरममध्ये मिलिलिटरमागे ३.५ नॅनोग्रॅम टीएचसीची मर्यादा, नवीन लायसन्सवाल्यांना आणि २१ च्या आतल्यांना शून्य, आणि दारूबरोबर तर अजिबात नाही. रोज घेणाऱ्याच्या रक्तात दुसऱ्या दिवशीही निघू शकतं. मी दुसऱ्या दिवशी ट्रेननेच जाते.

आपल्या मंडळींचं सांगायचं तर, गणपतीच्या नंतरच्या पार्टीत तिसरा पेग घेत एक काका मला म्हणाले, "तू असलं काही घेतेस असं ऐकलं, चांगल्या घरातली मुलगी तू." मी म्हटलं काका, बर्फ देऊ का. भांगेचं मात्र सगळ्यांना चालतं, ती देवाची. तसं बघितलं तर बिनधुराचा मार्ग आपल्याकडे कधीपासूनच आहे, महाशिवरात्रीची थंडाई, वाराणसीत तर सरकारमान्य दुकानं. फक्त पोटातून घेतलं की चढायला तास-दीड तास लागतो, "काहीच होत नाहीये" म्हणून माणूस दुसरा ग्लास घेतो आणि मग सगळंच होतं. वाफेचं काही मिनिटांत कळतं, थांबता येतं, हा तिचा खरा मोठा गुण. आणि साधूंच्या चिलमीला खाली ती ओली साफी गुंडाळलेली असते, त्याने धूर गार होतो, बरा लागतो, पण फडक्याने टार आणि कार्बन मोनॉक्साइड अडत नाही, पाण्याच्या बाँगनेही फारसं नाही.

वापरून झालेलं तपकिरी पान टाकून देऊ नका असं सगळे सांगतात, कारण त्यात अजून टीएचसी उरलेलं असतं, आणि ते तापून गेलेलं असल्याने सरळ खाल्लं तरी चढतं. मी टाकून देते. किती उरलंय ते मोजता येत नाही, चव जुन्या चहाच्या चोथ्यासारखी, आणि घरात येणाऱ्या-जाणाऱ्यांची लहान मुलं असतात. ज्यांना तुपात घालायची हौस आहे त्यांनी डब्यावर मोठं लेबल लावून कुलपात ठेवावं. मशीनची जाळी मात्र दर थोड्या दिवसांनी आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवा, पूर्ण सुकू द्या, चिकटलेल्या राळेने हवा अडते आणि मग तुम्ही तापमान वाढवत बसता.

आणि आता तो मेसेज, जो मला भारतात यायच्या आधी हमखास येतो: "अगं येताना एक मशीन आण ना, इथे मिळत नाही." नाही. गांजाचं फूल भारतात १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात बंद आहे हे सगळ्यांना माहितीये, पण नुसतं रिकामं मशीनही अडचणीचं आहे. २०१९ च्या ई-सिगरेट बंदीच्या कायद्यात निकोटिन असो-नसो, पदार्थ तापवून ओढायला वाफ करणारं इलेक्ट्रॉनिक उपकरण बसतं, आणि आयातीवर बंदी आहे. शिवाय वापरलेल्या मशीनच्या जाळीला राळ असते, ती कस्टमवाल्याला दिसली तर मी मुंबई एअरपोर्टवर थर्मोडायनॅमिक्स समजावत बसणार का? आमचं मशीन कपाटातच राहतं, बॅगेत चॉकलेट आणि आईचे गुडघ्याचे पट्टे.